लांब झालेले पडदे

१

पडदे आटतात. आमच्या धंद्यात यापलीकडे फारसं शहाणपण नाही. सुती पडदा पहिल्याच धुण्यात वर जातो, म्हणून खालची दुमड आम्ही मुद्दाम जाड ठेवतो. गिऱ्हाईक तणतणत आलं की दुमड उसवायची, वर चहा पाजायचा, की प्रकरण मिटतं. दुकानाचा फोन वाजला की माझ्या तोंडून "आटला का?" हे आपोआपच निघतं.

त्या दुपारीही निघालं.

"आटला नाही हो ताई," पलीकडून गोड आवाज आला. "लांब झालाय."

मला हसू आलं. "वहिनी, पडदा कसा लांब होईल? तो काय वयात आलेला मुलगा आहे?"

"येऊन बघा ना. जमिनीवर लोळतोय नुसता. आमच्या सासूबाई एखाद दिवशी पाय अडकून पडतील, मग?"

ते घर माझ्या चांगलं लक्षात होतं. चौथा मजला, आत शिरल्यावर हॉल, मग लांब पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला सासूबाईंची खोली. थोड्याच आठवड्यांपूर्वी मी तिथे पडदे लावले होते. आजी शाळेत खेळाच्या बाई होत्या आणि अजून तशाच दिसायच्या: उंच, ताठ, खांदे मागे. माझ्याशी बोलताना त्या जरा वाकायच्या आणि मला आपण दुसरी-तिसरीत असल्यासारखं वाटायचं. सूनबाई मळखाऊ राखाडी कापड पुढे करत होत्या, तेवढ्यात आजींनी गडद पिवळ्यावर बोट ठेवलं. "हा. आणि पार जमिनीपर्यंत हवा. घोट्याच्या वर लोंबणारा पडदा मला बघवत नाही," असं म्हणाल्या. सूनबाई हसल्या होत्या, पण त्यांचे डोळे हसले नव्हते. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. मला लोकांच्या घरात डोकावायला मिळावं म्हणूनच मी हा धंदा काढला असं माझी आई म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

संध्याकाळच्या आत मी तिथे पोचले. पडदा खरंच लांब होता. पिवळं कापड खिडकीखाली ढीग होऊन पडलं होतं, चांगलं वीतभर. मी गुडघ्यावर बसून दुमड तपासली. टाके आमच्या मास्तरांचेच होते, कुणी उसवलेले नव्हते.

"आमच्याच शिलाईत घोळ झाला असेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मास्तरांना बोलू नका," पलंगावरून आजी म्हणाल्या. "पडदा तेवढाच आहे."

"आई हल्ली काहीही बोलतात," सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. आजी तिथे नसल्यासारखं, अगदी प्रेमाने.

मी पडदा काढून गुंडाळला. निघताना जाणवलं की खोलीत काहीतरी कमी आहे. मग लक्षात आलं, कपाट नव्हतं. जिथे कपाट होतं तिथे मोकळी जागा दिसायला हवी होती. तीही नव्हती. पलंग थेट भिंतीला टेकलेला होता.

२

आमचे मास्तर रागावले की शिलाई मशीनचं चाक उलटं फिरवत बसतात. त्या दिवशी ते बराच वेळ फिरत होतं.

"मी आणि लांब शिवणार?" ते म्हणाले. "एक वेळ आखूड होईल, देवाशपथ सांगतो. लांब नाही. कापड काय फुकट येतं?"

मग मी फीत काढली. आकड्यांशी माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगते. मी खिडकीला फीत लावते आणि जिथे पडदा संपायला हवा तिथे गाठ मारते. उंचीची एक गाठ, रुंदीची एक. प्रत्येक घराची वेगळी फीत, दुकानातल्या खिळ्यांवर टांगलेली. मास्तर त्या फितीवरच कापड बेततात. टेप हातातून निसटतो, आकडा वाचताना चुकतो, पण गाठ एकदा मारली की जागची हलत नाही असं आमचं दोघांचं मत आहे. इतर पडदेवाले आम्हाला हसतात. हसोत.

येताना मी आजींच्या खिडकीची नवीन फीत घेऊन आले होते. जुन्या फितीशेजारी ती धरली. दोन्ही गाठी जुळायला हव्या होत्या, खिडकी तीच होती ना. पण नव्या फितीच्या गाठी वर होत्या. उंचीची आणि रुंदीचीही.

"म्हणजे खिडकीच आटली," मास्तर म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खूष होऊन चाक सुलटं फिरवायला लागले.

मी डोकं चालवलं. जुन्या फरशीवर नवी फरशी घातली असेल, जमीन वर आली असेल. पण फरशी तीच होती, कोपऱ्यात तडा गेलेली. मग, पहिल्या वेळी मीच फीत सैल धरली असेल. इतक्या वर्षांत कधी धरली नव्हती, पण माणूस म्हटलं की चुकतं. या कारणावर मी समाधान मानलं. मास्तरांनी पडदा कापून आखूड केला, कडेनेही आत घेतला. मला मात्र डोक्यात भुंगा लागला होता, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडतही होता. रोज तेच ते रॉड आणि त्याच त्या कड्या. कधी नव्हे ते कोडं हाती आलं होतं.

३

पुन्हा गेले तेव्हा दार आजींच्या मुलाने उघडलं. गोरा, गुबगुबीत, कानाला फोन. त्याने हाताने आत जायची खूण केली. हॉल मला पहिल्यापेक्षा मोठा वाटला. नवा कोपऱ्याचा सोफा आला होता, व्यायामाचं यंत्र आलं होतं, तरी मधे मुलांना धावता येईल एवढी जागा उरली होती. सामान वाढल्यावर जागा कमी होते, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. इथे उलटंच झालं होतं.

आजींच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. आतली कडी कुणीतरी काढली होती, फक्त स्क्रूची भोकं शिल्लक होती.

"त्या आतून लावून घेतात आणि मग पडल्याबिडल्या तर?" सूनबाईंनी मी न विचारताच सांगितलं.

शिडी लावून वर चढले आणि रॉडला हात घातला, तर रॉड मधे फुगला होता. खाली झोल आला असता तर मी समजू शकले असते, वजनाने येतो. हा बाहेरच्या बाजूला फुगला होता. त्याची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या भिंतींत घट्ट बसली होती. मी लावला तेव्हा दोन्ही बाजूंना हात आत घालता येईल एवढी जागा होती. लोखंडी रॉड होता.

"आजींची खुर्ची दिसत नाही?" उतरताना मी सहज विचारलं.

"हॉलमध्ये घेतली. नुसती अडगळ झाली होती. आईंना काय लागतं हो आता? पलंग असला की झालं."

त्याबरोबर आवाज आला. जड सामान कुणी सावकाश सरकवावं तसा, भिंतीतून. तो जरा वेळ चालला आणि थांबला. मी सूनबाईंकडे पाहिलं. त्या पडद्याची शिवण निरखत होत्या. आजींनी मात्र पाय पोटाशी घेतले होते. सवयीने.

"शेजारी काम चाललंय का?" मी विचारलं.

"आमच्या शेजारी कुणी राहत नाही," सूनबाई म्हणाल्या. "या भिंतीपलीकडे जिना आहे. बरं, ही खिडकी अशीच राहू दे की अजून झाकायची? आईंना उजेड सोसत नाही."

"मला सोसतो," आजी म्हणाल्या.

"सोसत नाही त्यांना," सूनबाई म्हणाल्या.

पुन्हा तोच आवाज. या वेळी मी भिंतीकडे बघत होते. भिंत हलताना दिसली असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की आधी पलंगाच्या पायथ्याशी एक चप्पल आडवी पडली होती, आणि नंतर ती उभी होऊन भिंत आणि पलंगाच्या मधे दाबली गेलेली होती.

काही सुचेनासं झालं की आपण जे बोलतो, तेच मी बोलले. गिऱ्हाइकाची री ओढायची. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले, "आजींना एवढी खिडकी भरपूर झाली."

आवाज आला. माझ्या बोलण्यानंतर लगेच, जसा सूनबाईंच्या बोलण्यानंतर आला होता. माझ्या पाठीला काहीतरी गार लागलं. ती भिंत होती. मी तर खोलीच्या मधोमध उभी होते.

आजी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. जरा आश्चर्याने, आणि मग तेही विझलं. त्यांना उठून उभं राहायचं होतं, सूनबाई "असू दे, असू दे" म्हणत होत्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले, सरळ. वाकायची गरज त्यांना उरली नव्हती. म्हातारपणी माणूस आखडतो, मी स्वतःला सांगितलं. सगळीच आखडतात. पण थोडक्या दिवसांत हातभर?

खाली रस्त्यावर आल्यावर मी मान वर करून पाहिलं. बाहेरून आजींची खिडकी वरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या खिडक्यांएवढीच होती, तसूभर कमी नाही. फक्त तिच्या मधोमध पिवळ्या कापडाची एक अरुंद पट्टी दिसत होती आणि दोन्हीकडे काळोख.

४

शहाण्या माणसाने इथे हात झटकले असते. पैसे मिळाले होते, काम संपलं होतं. पण मला झोप लागेना. भीती वाटत होतीच, ती नाकारत नाही. तरी भीतीपेक्षा ते कोडं जास्त छळत होतं. ती भिंत बोलण्याने सरकत असेल, तर बोलण्याने मागेही जाईल का? आणि मी माझ्या तोंडाने तिला पुढे ढकललं होतं, हे तर डोक्यातून जातच नव्हतं.

पडद्याच्या कड्या बदलायच्या राहिल्यात असं खोटंच सांगून मी पुन्हा गेले. सूनबाई हॉलमध्ये फोनवर बोलत बसल्या होत्या. "जा ना आत," त्या म्हणाल्या. मी बाहेरची कडी काढली आणि दार अर्धवट ओढून घेतलं.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंती होत्या. आत शिरायचं तर पलंगावरच चढायचं. आजी उशाशी बसल्या होत्या, मान जरा वाकवून, कारण छतही खाली आलं होतं. उभी राहून मला त्याला हात टेकवता आला. मला, जिला चहाचा डबा काढायला स्टूल लागतं.

"आजी," मी हळूच म्हणाले, "हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"हे." मी भिंतीवर हात ठेवला.

"माझ्या मुलाचे वडील गेले तेव्हा ही दोघं इथे राहायला आली," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठीच आली. आई, तुला एवढं घर कशाला, तू एका खोलीत राहा. मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, तुला बँकेत जायची दगदग कशाला. म्हटलं, बरं. मैत्रिणी येतात, चहापाणी कोण करणार. तेही बरं. वाईट कुणी बोलत नाही हो. हात उगारला नाही कुणी. सगळं माझ्या भल्याचंच असतं."

"आणि तुम्ही काही म्हणत नाही?"

"काय म्हणू? कुणी विचारलं तर म्हणेन."

तेव्हा मला सुचलं. इतकं साधं होतं की लाज वाटली. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी प्रश्न ऐकला, पण तो आपल्याला आहे हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. "चष्मा," त्या म्हणाल्या. "फुटेल म्हणून उचलून ठेवलाय. आणि माझी खुर्ची. सकाळी खिडकीशी बसून पेपर वाचायला."

भिंतीत आवाज झाला. तोच, पण उलट्या दिशेने जाणारा. माझ्या गुडघ्याला टेकलेली भिंत सुटली. खिडकीत पिवळा पडदा जमिनीपासून बोटभर वर उचलला गेला, आणि उजेडाचा पट्टा पलंगावर आला. आजींनी त्यात हात धरला आणि तो उलटसुलट करून बघितला. मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

"अजून," मी म्हणाले. "अजून काय हवंय? सांगा पटकन."

"काय चाललंय?" दारात सूनबाई उभ्या होत्या. हसत. "काय सांगत होत्या आई?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात आजींनी उजेडातला हात मागे घेतला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "मला काही नको."

जेवढी भिंत मागे गेली होती, त्याच्या दुप्पट पुढे आली. मला पलंगावरून सरपटत बाहेर यावं लागलं. सूनबाईंनी कडी लावली आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.

५

ज्येष्ठ नागरिकांसाठी एक मदत केंद्र असतं, तिथे फोन करता येतो. मी केला. भिंतींचं बोलले नाही, मला वेडी ठरवून फोन ठेवला असता. बाहेरून कडी आहे, आतली काढून टाकली आहे, चष्मा काढून घेतलाय, कुणाला भेटू देत नाहीत, एवढं सांगितलं. ते सगळं खरंच होतं.

केंद्रातल्या बाई आल्या, खांद्याला मोठी पिशवी, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. त्यांनी मलाही बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तर दाराची कडी गायब, आजींच्या नाकावर चष्मा, आणि मुलगा स्वतः घरी. इतका नम्र, की मलाच आपण चहाडखोर असल्यासारखं वाटायला लागलं.

बाई दारातूनच आत वाकल्या. शिरायला जागा नव्हती. "खोली फारच लहान आहे," त्या म्हणाल्या.

"आईनेच मागून घेतली," मुलगा म्हणाला. "मोठ्या खोलीत तिला भीती वाटते."

भिंत बोलली. बाईंनी मान वर केली. "वर कुणी सामान हलवतंय का?" त्यांनी विचारलं, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत. "आजी, हे घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," आजी म्हणाल्या.

"मग कायदा तुमच्या बाजूने आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या घरात तुम्हाला कसं राहायचं ते तुम्ही ठरवायचं. त्रास होत असेल तर मला सांगा, आज, इथेच. काही कमी पडतंय का?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, सांगा आजी, सांगा. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो त्यांचाच होता, त्याला काय करणार.

"तिला काय कमी पडणार?" तो म्हणाला. "आम्ही आहोत ना."

"हो," आजी म्हणाल्या. "पुरतं मला."

जिना उतरताना केंद्रातल्या बाई पायरीवर थांबून म्हणाल्या, "मला दिसत नाही असं समजू नका. रोज बघते मी हे. पण त्यांच्या वतीने मी 'नको' म्हणू शकत नाही, तसंच 'हवं'ही म्हणू शकत नाही. ते त्यांनीच म्हणायला हवं."

"आणि म्हणायला जागाच उरली नाही तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पुन्हा काही वाटलं तर मला बोलवा," त्या म्हणाल्या, "मी येईन."

६

सूनबाईंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या कुणाचे तरी पडदे मोजत होते.

"त्या पिवळ्या कापडाचा तुकडा उरलाय का हो? अगदी छोटासा पडदा हवा होता. झडपेला."

"कुठल्या झडपेला?"

"आईंच्या. ताट आत सरकवायला असते ना, ती. आल्यागेल्याला बरं नाही दिसत."

मी केंद्रातल्या बाईंना फोन केला. त्यांनी काही विचारलं नाही, पत्ता तेवढा पुन्हा विचारला, आणि आम्ही दोघी इमारतीच्या दारातच भेटलो.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बाई माझा दंड धरून उभ्या राहिल्या. तो हॉल आता लग्नाचं कार्यालय वाटावा एवढा झाला होता. सोफा एका टोकाला, टीव्ही पार दुसऱ्या टोकाला, मधे नुसती फरशी. आमच्या चपलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. मुलगा आणि सूनबाई सोफ्यावर बसली होती आणि तिथपर्यंत चालत जायला वेळ लागला. दोघांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

"घर मोकळं वाटतं नाही हल्ली?" सूनबाई म्हणाल्या.

पॅसेजच्या टोकाला दार नव्हतं. भिंत होती, आणि कमरेच्या उंचीवर लाकडी झडप, ताट जाईल एवढी. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवलेला.

मी खाली बसले आणि झडप उघडली.

जे दिसलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी नीट बघू शकले नाही. आत काळोख होता. आधी मला घडी घातलेलं कापड दिसलं असं वाटलं, मग त्यात एक गुडघा दिसला, आणि त्याच्या अगदी शेजारी, जिथे असायला नको तिथे, खांदा. मग त्या घडीतून एक डोळा उघडला आणि त्याने मला ओळखलं. बाई माझ्यामागे वाकल्या होत्या. त्यांचा श्वास थांबलेला मी ऐकला.

"आई मजेत आहे," मुलगा पाठीमागून म्हणाला. "तिला काही लागत नाही."

भिंत बोलायला लागली. मी विचार न करता हात आत घातला. झडपेच्या कडा मनगटावर आवळत आल्या, आणि आतून कुणीतरी माझा हात पकडला. सगळ्या मुलांना एका शिट्टीत रांगेत उभं करणाऱ्या खेळाच्या बाईंचा हात होता तो. त्यातली ताकद कुठेही आटली नव्हती.

"आजी," मी म्हणाले, "तुम्हाला काय हवंय?"

"तिला—"

"तुम्ही नाही," केंद्रातल्या बाई म्हणाल्या. आणि त्या मुलाच्या आणि झडपेच्या मधे उभ्या राहिल्या. "मी त्यांचं ऐकायला आलेय. त्यांना बोलू दे."

मनगट दुखत होतं. आतून श्वास येत होता, तुटक, जागा शोधत असल्यासारखा. बोलायला छाती फुगवावी लागते आणि तेवढीही जागा तिथे नसावी. मला वाटलं संपलं, आता त्या पुन्हा म्हणणार, काही नको. मी त्यांचा हात दाबला. मी दुसरं काही करू शकत नव्हते.

"माझं घर हवंय," आजी म्हणाल्या. आवाज मैदानावरचा होता. "सगळं."

आवाज आला. मनगटावरची लाकडी कड सैल झाली. पण तो आवाज आजींच्या भिंतीतून येत नव्हता. तो आमच्या मागून येत होता, हॉलमधून, आणि मी आत्तापर्यंत ऐकला त्याच्या कितीतरी पट जड होता. त्याला घाई नव्हती. तिकडे काचेचं काहीतरी फुटलं, मग लाकडाचं.

"अहो," सूनबाई म्हणाल्या, "आपला सोफा."

मुलगा पॅसेजमधून धावत निघाला आणि मधेच थांबला. पॅसेजच्या त्या तोंडाशी त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही. तो मागे मागे सरकत आला, आमच्याजवळ, झडपेजवळ, आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, "आई, मग आम्ही कुठे राहायचं?"

मला वळून हॉलकडे बघायचं होतं. इतकं कुतूहल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही. आम्ही दोघीही त्याच घरात उभ्या होतो. मी हात सोडवायचा प्रयत्न केला. आजींनी तो सोडला नाही.

"थांबा ताई," त्या आतून म्हणाल्या. "माझं सांगून व्हायचंय अजून."